मंगळूचा कारंज्याचा पडदा

मंगळू भोयेच्या सायकलला एक लांबलचक बोजा आडवा बांधलेला असे. दोन बांबू आणि त्यांना गुंडाळलेला कापडी पडदा. पडदा उलगडला की आत बाग निघायची. बागेत पांढऱ्या पायऱ्या, पायऱ्यांच्या मधोमध कारंजं, आणि कारंज्याच्या पाण्यात एक बदक. रंगाऱ्याच्या हातून बदकाची मान जरा जास्तच लांब झाली होती. ती मान बगळ्याची म्हणावी की सापाची, यावर पाड्यांवर दोन मतं होती. पण १९९४ पासून पुढची आठ वर्षं पेठ तालुक्याच्या त्या डोंगरात ज्याने ज्याने फोटो काढून घेतला, त्याने या बदकाशेजारी उभं राहूनच काढून घेतला.

मंगळू तिथलाच, सादडपाड्याचा. पाचवीनंतर शाळा सुटली. दिवाळी झाली की आईबापांच्या मागून दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांवर मजुरीला जायचं, पाऊस लागला की परत येऊन नागली आणि भात लावायचा, असं त्याचं लहानपण गेलं. एकोणिसाव्या वर्षी तो बांधकामावर देवळाली कॅम्पात आला आणि तिथल्या बाजारात एका फोटो स्टुडिओच्या पायरीवर दुपारची भाकरी खायला बसला. स्टुडिओचा मालक रंगनाथ बाहेर आला आणि म्हणाला, "इथे बसायचं तर आतलं झाडून दे." मंगळूने झाडून दिलं. दुसऱ्या दिवशीही दिलं. असं करत करत तो चार वर्षं तिथे राहिला आणि अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला शिकला.

रंगनाथकडे गिऱ्हाईक बहुतेक फौजी. तोफखान्याच्या प्रशिक्षणाला आलेली दूरदूरची पोरं घरी पाठवायला फोटो काढत. रंगनाथने मंगळूला पहिलाच धडा दिला तो असा :

"मंगळ्या, फौजी बायकोला फोटो धाडतो ना, त्यात बराक दिसता कामा नये. बाग दिसली पाहिजे. माणूस खरा राहतो कुठे, ते कुणाला बघायचं नसतं. मधलं ठेवायचं, बाजूचं सगळं उडवायचं."

त्याची सोयही त्याने करून ठेवली होती. स्टुडिओतला जुना कॅमेरा दोन भिंगांचा, वरून डोकावून पाहायचा. त्यात चौकोनी निगेटिव्ह निघायची. फोटो मात्र गिऱ्हाइकाला पोस्टकार्डासारखा उभा लागायचा. म्हणून रंगनाथने कॅमेऱ्याच्या काचेवर पेन्सिलीने दोन उभ्या रेघा मारल्या होत्या. त्या रेघांच्या आत पाहायचं, बाहेर पाहायचंच नाही. फोटो मोठा करायच्या यंत्रातही निगेटिव्ह ठेवायच्या खाचेवर काळ्या कागदाच्या दोन पट्ट्या कायमच्या चिकटवलेल्या होत्या. बाजूचं कागदावर उतरतच नसे.

१९९३ मध्ये स्टुडिओत बर्फाच्या डोंगरांचा नवा पडदा आला. जुना पडदा आणि तो जुना कॅमेरा रंगनाथने मंगळूला देऊन टाकला. "जा, तुझ्या डोंगरात बाग लाव," असं म्हणाला, आणि फोटो धुवायला अंधारी खोली केव्हाही वापर, असंही म्हणाला. मंगळूने रंगनाथची एक सवय मात्र जशीच्या तशी उचलली. प्रत्येक रोलच्या निगेटिव्ह वेगळ्या पाकिटात घालायच्या आणि पाकिटावर गाव आणि तारीख लिहायची. पाकिटं तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा.

पाड्यांवर फोटो लागायचा तो कागदपत्रांना. आश्रमशाळेचा फॉर्म, जातीचा दाखला, बँकेचं पुस्तक. फोटो चिकटवून झाला की फॉर्म भरून देणं आलं, आणि फॉर्म भरून दिला की कचेरीत सोबत जाणं आलं. असा मंगळू हळूहळू साऱ्या डोंगराचा वकील झाला. कचेरीत कुणी "उद्या या" म्हणालं, की तो गळ्यातला कॅमेरा उघडायचा आणि अदबीने विचारायचा, "साहेब, हे म्हणतानाचा एक काढू का?" बहुतेक वेळा काम त्याच दिवशी व्हायचं. कॅमेऱ्यात रोल नसायचा, हे फक्त मंगळूला ठाऊक असे.

सादडपाड्यावर फोटोचा दिवस ठरलेला होता, वाघबारस. दिवाळीच्या तोंडावर, नागली कापून झालेली असताना, सारा पाडा शिवेवरच्या वाघदेवाला नारळ आणि खीर घेऊन जमायचा. अंगावर धुतलेले नाहीतर नवे कपडे असायचे. वाघदेवाचा खांब सागाचा, त्यावर सूर्य, चंद्र आणि खाली वाघ कोरलेला. त्याला लागूनच बहिरूचं वावर होतं. उतारावर दगडांची ताल, म्हणजे बांध, घालून बहिरूच्या बापाने केलेलं, दीड एकराचं. कागदावर ते जंगल होतं, पण तीन पिढ्यांची नागली तिथूनच घरात आली होती. पडदा उभा करायला सकाळचं ऊन आणि सपाट जागा लागते. ती दोन्ही एकत्र मिळायची ती फक्त बहिरूच्या वावराच्या वरच्या टप्प्यात. आणि पाड्यात सगळ्यांत उंच माणूसही बहिरूच, म्हणून डावीकडचा बांबू तोच धरायचा. उजवीकडे जो रिकामा असेल तो.

"बहिरूदादा, नीट धर! कारंजं कलंडलं!" बायका ओरडायच्या.

"कलंडू दे. पाणी सांडलं तर नागलीलाच लागंल."

"आणि बदक?"

"त्याला संध्याकाळी शिजवू."

बहिरूची बायको भागुबाई नवं लुगडं नेसून मध्ये उभी राहायची आणि दरवर्षी म्हणायची, "ये की मधी. माझ्याशेजारी हुबा ऱ्हा."

"मग पडदा कोन धरंल? तुझा बाप?"

"माझा बाप असता तर त्यानं दोन्ही बाजू धरल्या असत्या."

"पुढल्या वाघबारशीला," बहिरू म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

अशा आठ वाघबारशी झाल्या. २००२ च्या पावसाळ्यात बहिरूला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. त्याचं कार्य झाल्यावर भागुबाई मंगळूच्या दारात येऊन बसली. "एखादा असंल की रं त्याचा," ती म्हणाली. मंगळूने घरातले उरलेसुरले सगळे फोटो काढून पाहिले. पाड्यातला प्रत्येक जण होता, कुणाकुणाची शेळीसुद्धा होती. बहिरू नव्हता. ज्याच्या वावरात शंभराला चार कमी इतके फोटो काढले, त्याचाच फोटो आपण काढला नाही, ही गोष्ट मंगळूला काट्यासारखी सलत राहिली. त्या वर्षापासून त्याने पडदा बाहेर काढला नाही. रंगीत कॅमेरे आलेच होते. पडदा माळ्यावर गेला.

२००८ साली वनहक्काचा कायदा पाड्यांपर्यंत पोचला. जो आदिवासी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलातली जमीन कसत असेल, त्याला ती कसण्याचा हक्क कागदावर मिळणार होता. हा कायदा समजावून सांगायला नाशिकहून वत्सलाबाई यायच्या. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, शहरातल्या बौद्ध वसाहतीत राहणाऱ्या. आठवड्यातून दोनदा एस.टी.ने करंजाळीपर्यंत आणि पुढे चालत. त्यांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, आणि त्याविरुद्ध वडिलांनी केलेला पहिला अर्ज त्यांनी घरात काचेच्या चौकटीत लावून ठेवला होता. अर्ज कसा लिहावा याबद्दल त्या फार काटेकोर होत्या.

"पुरावे एकाहून जास्त लागतात," त्यांनी सांगितलं. "गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब हा एक झाला. दुसरा काय आहे कुणाकडे?"

आणि मग उलटीच गंमत झाली. ज्यांना पूर्वी जंगल तोडल्याबद्दल दंड झाला होता, ते दंडाच्या पावत्या नाचवत घरातून बाहेर आले. पावतीवर तारीख होती, जागेचं नाव होतं. याहून पक्का पुरावा कुठला! पण बहिरू असा हुशार, की गार्ड येताना दिसला की डोंगर चढून पसार व्हायचा. उभ्या आयुष्यात त्याला एकदाही दंड झाला नाही.

"सारखा पळायचा मेला," भागुबाई म्हणाली. "एकदा तरी सापडायचं व्हतं!"

खालच्या उताराच्या आणखी दहा घरांचीही हीच गत होती. दुसरा पुरावा नसेल तर दावा फेटाळला जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. भागुबाईला मूलबाळ नव्हतं. ते दीड एकर गेलं तर साठीच्या वयात तिला पुन्हा द्राक्षांच्या बागांवर मजुरीला जावं लागलं असतं.

नोव्हेंबरात समितीपुढे सुनावणी झाली. मंगळूने वावराचे नवे रंगीत फोटो नेले होते. समितीचा साहेब माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "हे छान आहेत, पण आजचा फोटो आजचंच सांगतो. २००५ च्या आधीचं काही आहे?"

मंगळूने बिचकत भागुबाईचा १९९६ चा फोटो पुढे केला. साहेबाने चष्मा वर केला, फोटो जवळ धरला, लांब धरला.

"भागुबाई, या बागेत नागली पेरत होतात का तुम्ही?"

सगळी खोली हसली. भागुबाईसुद्धा हसली, कारण बदक होतंच तसं. मग ती म्हणाली, "बाग नाय सायेब, पडदा हाय तो. त्याच्या मागं माझं वावर हाय. आणि माझा गोहो, बहिरू, तो पडदा धरून हुबा व्हता."

"कुठे? मला नवरा दिसत नाही तुमचा. बदक दिसतंय."

"त्याला कापला." तिने मंगळूकडे बोट केलं. "ह्यानंच कापला."

भात कापला म्हणावं इतक्या सहज ती बोलली. साहेबाने दोन महिन्यांची मुदत दिली. तोवर दुसरा पुरावा आला नाही, तर दावा नामंजूर करावा लागेल, असं त्याने स्पष्ट सांगितलं.

परतीच्या एस.टी.त मंगळूच्या डोक्यात तोच शब्द फिरत होता. कापला? त्याने तर कधी कात्री लावली नव्हती. फोटो कागदावर जसा आला तसा त्याने दिला. मग बहिरू गेला कुठे? करंजाळीला उतरताना त्याच्या मनात रंगनाथच्या पेन्सिलीच्या दोन रेघा आल्या आणि तो पायरीवरच थबकला. मागची बाई ओरडली, "उतर की रं, का इथंच फोटो काढतोस?"

सकाळी त्याने डबा उघडला, १९९६ चं पाकीट काढलं आणि निगेटिव्ह सूर्याकडे धरली. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं. मधे पडदा, पडद्यापुढे पांढऱ्या चेहऱ्याची भागुबाई. आणि डावीकडे, पेन्सिलीच्या रेघेच्या बाहेर, एक पांढरा उंच माणूस. नखाएवढा.

मंगळूने न्याहारी केली नाही. दुपारी बाराला तो देवळालीत पोचलाही होता.

रंगनाथ आता सत्तरीचा झाला होता. स्टुडिओत मुलाने कॉम्प्युटर आणि रंगीत फोटोंचं यंत्र आणलं होतं. अंधाऱ्या खोलीत केरसुण्या आणि मोडका कूलर पडला होता.

"ते जुनं यंत्र अजून आहे का, शेठ?"

"आहे, पण भंगारवाला सोमवारी येतोय."

"मग सोमवारच्या आत पायजे मला. आणि तुमच्या त्या काळ्या पट्ट्या काढायच्यात."

"पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या हाताने चिकटवल्यात त्या!" रंगनाथ कुरकुरला. पण ब्लेड त्यानेच आणलं, आणि पट्ट्याही त्यानेच खरवडल्या. जुन्या कागदाचे चार डबे कपाटात होते, मुदत उलटून गेलेले. दोघांनी कूलर बाहेर काढला, दाराच्या फटीला गोणपाट लावलं, लाल दिवा लावला.

ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यात कागद आधी पांढराच राहिला. मग हळूहळू आधी बदक आलं, अर्थातच. मग पायऱ्या, मग भागुबाईचं लुगडं. आणि मग कडेने, कापणी झालेल्या नागलीच्या खुंटांत रोवलेले दोन पाय, गुडघ्यापर्यंत धोतर, बांबू धरलेला एक हात. दुसरा हात पाठीमागे, विडी लपवत. डोक्यावर टोपी तिरकी. पुन्हा मंगळूने नीट पाहिलं. साऱ्या पाड्याने कॅमेऱ्याकडे पाहावं म्हणून तो दरवर्षी ओरडायचा. बहिरू कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता. तो भागुबाईकडे पाहत होता आणि हसत होता.

"हा कोण?" रंगनाथने विचारलं.

"ज्याला आपण कापायचो तो."

रंगनाथ बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, "झकास उभा राहिलाय. फोकसलाही बरोबर आहे." आणि थोड्या वेळाने, "बाकीचे काढ. मी पाणी बदलतो."

तीन दिवस ते दोघं त्या खोलीत होते. आठ पाकिटं, शहाण्णव फोटो. रंगनाथच्या सुनेने जेवण दाराबाहेर ठेवलं आणि भंगारवाल्याला परत पाठवलं.

फोटो सादडपाड्यावर पोचले, तेव्हा भागुबाई निंबाखाली तांदूळ पाखडत होती. मंगळूने १९९६ चा फोटो तिच्या सुपात ठेवला. तिने आधी स्वतःला पाहिलं, म्हणाली, "हे लुगडं अजून हाय." मग तिची नजर डावीकडे गेली. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. कोंबड्या येऊन तांदूळ टिपायला लागल्या, तरी तिने हाकलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "विडी वढत व्हता! मला सांगायचा, सोडली म्हून!" आणि डोळे पुसत इतकी हसली, की शेजारच्या बायका धावत आल्या.

जानेवारीत पुन्हा सुनावणी झाली. वत्सलाबाईंनी शाळेत तक्ते लावायच्या त्याप्रमाणे आठ फोटो ओळीने मांडले. पहिल्या फोटोत बहिरूच्या मागची दगडांची ताल त्याच्या गुडघ्याएवढी. आठव्यात कमरेएवढी. पहिल्या फोटोत मोहाचं रोप, आठव्यात त्याला टेकून दोन माणसं उभी. खालच्या उतारावर दहा घरांची वावरं एकाखाली एक. आणि उजव्या कडेला प्रत्येक फोटोत वाघदेवाचा खांब.

"हा खांब अजून तिथेच आहे, साहेब," वत्सलाबाई म्हणाल्या. "केव्हाही येऊन पाहा."

"जागा कळली," साहेब म्हणाला. "पण पाकिटावर तारीख कुणीही लिहू शकतं."

"बरोबर आहे. म्हणून आम्ही तारीखच सोबत आणली आहे. तृप्ती, पुढे ये."

दाराशी उभी असलेली आठवीतली मुलगी लाजत पुढे आली. मागोमाग तिची आई, आशा. वत्सलाबाईंनी शाळेचा दाखला टेबलावर ठेवला, जन्म जून १९९५, आणि त्याच्या शेजारी दुसरा फोटो. आशा कारंज्यापुढे उभी, काखेत चार महिन्यांचं बाळ, बाळाने भोकाड पसरलेलं. आणि डावीकडे बांबू धरलेला बहिरू, बाळाला जीभ काढून दाखवणारा.

साहेबाने फोटोतल्या बाळाकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"एवढी का रडतेस गं?"

"बदकाला भ्याले होते," तृप्ती म्हणाली. "आई सांगते."

या वेळी साहेब सगळ्यांत मोठ्याने हसला. मग त्याने आठही फोटो एकेक करून हातात घेतले. "आणि हे गृहस्थ तर सगळ्यांत आहेत."

"माझा गोहो," भागुबाई म्हणाली. "त्याचंच वावर नं, सायेब. दुसऱ्याचा फोटो निघावा म्हून जागा द्यायची लय हौस त्याला."

साहेबाने जागेवर जाऊन पाहणी केली, खांबाला हात लावून पाहिला, मोहाच्या बुंध्याला दोरी गुंडाळून मोजलं. त्या वर्षीच्या दिवाळीच्या आधी अकरा घरांना वनहक्काचे कागद मिळाले. भागुबाईचा सगळ्यांत वर होता.

मंगळूला मात्र आता चैन पडेना. सुरगाण्यापासून हरसूलपर्यंत जिथे जिथे जुने स्टुडिओ होते, तिथे तो सायकलवरून जायचा आणि हात जोडायचा, "शेठ, निगेटिव्ह फेकू नका. आमच्या लोकांची वावरं आहेत त्यात." काहींनी वेड्यात काढलं. काहींनी गोणी भरून दिल्या. वत्सलाबाईंनी त्याला मोठं भिंग घेऊन दिलं आणि पाकिटांची वही घालायला लावली. वहीत खाडाखोड झाली, तर त्या पान पुन्हा लिहायला लावायच्या.

वाघबारस आली. नारळ फुटला, खीर झाली. मंगळू कॅमेरा घेऊन वावरात उभा राहिला आणि म्हणाला, "आता पडदा नाय. आपलं वावर आता कागदावर आपलं हाय, त्याच्यातच फोटो काढायचा."

बायकांनी एकच कालवा केला. "कारंजं पायजे! बदक पायजे!"

"अगं, त्या पडद्यामुळंच तर..."

"माझ्या सुनेचा बदकासंगं फोटो नाय अजून! तू आमाला शिकवू नको!"

शेवटी दोन पोरी पळत जाऊन माळ्यावरचा पडदा घेऊन आल्या. उंदरांनी कारंज्याचा एक कोपरा खाल्ला होता, बदक शाबूत होतं. मंगळूने काचेवरच्या पेन्सिलीच्या रेघा थुंकी लावून पुसल्या आणि चार पावलं मागे सरकला. पण आता भलतीच अडचण झाली. पडदा धरायला सगळ्यांनाच जायचं होतं. डाव्या बांबूला पाच जण लोंबकळले, उजव्याला सहा. धक्काबुक्की झाली, कारंजं दोनदा आडवं झालं, आणि मध्ये उभं राहायला कुणीच उरेना.

"अरं, कुनीतरी मधी या!" मंगळू ओरडला.

तेव्हा भागुबाई आली. ९६ चं लुगडं नेसून. ती पडद्यापुढे गेली, पण मध्ये थांबली नाही. डाव्या बांबूजवळच्या पाचही जणांना तिने कोपराने बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी बांबू पकडला.

"हितं माझी जागा हाय," ती म्हणाली. "बदकाला मधी ऱ्हाऊ द्या. काढ रं मंगळू. आणि काही कापू नको."